यंत्र जुने, की नियम नवा?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि इंटेलचा साधारणतः आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१६ मध्ये घेतलेला, आजही कुरकुर न करणारा संगणक कागदोपत्री निकामी ठरतो. सुरक्षेचा युक्तिवाद खोटा नाही. दुरुस्त्या न मिळणारी प्रणाली इंटरनेटला जोडून ठेवणे धोक्याचेच. पण नवी खरेदी हाच त्यावरचा उपाय, हे मला मान्य नाही.

केरळातील सरकारी शाळा ‘काइट’ने घडवलेल्या लिनक्सवर अनेक वर्षे शिकवत आहेत; सी-डॅकची ‘बॉस’ प्रणालीही आपल्याकडे आहे. फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली आणि रॅम ८ जीबी केली, की लिनक्सवर तेच यंत्र आणखी काही वर्षे काढते. हिशेबाच्या वा आरेखनाच्या विशिष्ट विंडोज सॉफ्टवेअरवाचून ज्यांचे अडते, त्यांनी खुशाल नवा संगणक घ्यावा. शाळा-महाविद्यालयांनी मात्र निविदा काढण्यापूर्वी एका जुन्या संगणकावर पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहावे. प्रिंटर ओळखला जातो का, देवनागरी टंकन जमते का, हे एका दुपारीच कळेल.