विज्ञानविचार : अवकाशातील बोगदा आणि बुवांची प्रवचने



हल्ली मोबाइलवर काही बुवांची प्रवचने फिरतात. वर्महोलचा शोध लागला, म्हणजे पूर्वीचे ऋषी क्षणात दुसऱ्या लोकी जात हे सिद्ध झाले, असा त्यांचा सूर असतो. आपली कॉलेजात शिकणारी मुलेही ती प्रवचने एकमेकांना पाठवतात. म्हणून हा वर्महोल काय आहे ते नीट समजून घेऊ.

वर्महोल म्हणजे अवकाशातील दोन दूरच्या ठिकाणांना जोडणारा आडमार्गाचा बोगदा. १९३५ साली आइन्स्टाइन आणि नेथन रोझेन यांनी सापेक्षतेच्या समीकरणांतून असा एक पूल मांडला. १९५७ साली जॉन व्हीलर यांनी त्याला किड्याने पोखरलेल्या भोकाचे नाव दिले. पण १९६२ साली याच व्हीलर यांनी रॉबर्ट फुलर यांच्यासह दाखवून दिले की, हा पूल टिकत नाही. प्रकाशाचा किरण पलीकडे पोचण्याआधीच तो मध्ये आवळला जाऊन तुटतो. जिथे प्रकाशाची डाळ शिजत नाही, तिथे माणसाची काय कथा!

पुढे कार्ल सेगन यांना आपल्या कादंबरीतील नायिकेला दूरच्या ताऱ्याकडे पाठवायचे होते. त्यांनी किप थॉर्न यांना मार्ग विचारला. थॉर्न आणि मायकेल मॉरिस यांनी १९८८ साली हिशेब मांडला. बोगद्यात शिरणारे किरण जवळ येतात आणि बाहेर पडताना फाकतात. साध्या पदार्थाचे गुरुत्व किरणांना जवळ आणते, फाकवत नाही. म्हणून बोगदा उघडा ठेवायला ऋण ऊर्जेचा पदार्थ हवा. आम्हा कारकुनांच्या भाषेत, शिल्लक शून्याच्याही खाली गेलेले खाते!

निसर्गात असे काही आहे का? धातूच्या दोन पट्ट्या अगदी जवळ ठेवल्या तर मधल्या फटीत अशी ऊर्जा असते, हे हेन्ड्रिक कॅसिमिर यांच्या १९४८ सालच्या सिद्धांतावरून निघते. पण ती अत्यल्प असते. २००३ साली मॅट व्हिसर, सायन कर आणि पुण्याच्या आयुका संस्थेचे नरेश दधीच यांनी दाखवले की, अशा पदार्थाची गरज हवी तेवढी कमी करता येते. मात्र ती शून्य होत नाही.

आजवर एकही वर्महोल कोणाला सापडलेला नाही. थॉर्न यांना २०१७ साली नोबेल मिळाले ते गुरुत्वलहरींसाठी. त्या २०१५ साली यंत्रांनी प्रत्यक्ष टिपल्या होत्या. बोगद्याचे गणित त्यांनीच केले, पण तो सापडला असे ते कधी म्हणाले नाहीत. शास्त्रज्ञ आणि बुवा यांच्यातला फरक तो हाच.

ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतो एवढ्यावरून काही मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. बाबासाहेबांनी आपल्याला तोच चिकित्सेचा धम्म दिला. येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर मुलांना जवळ बसवा. गणितात शक्य असलेली गोष्ट आणि प्रत्यक्ष दिसलेली गोष्ट यांतला फरक त्यांना समजावून सांगा. तो ज्याला कळला, त्याला कोणताही बुवा फसवू शकणार नाही.

नमो बुद्धाय!