‘पुरोहिती’ म्हणे! ती तर मजुरीच्या हिशेबाची लिपी

इजिप्त म्हटले की घुबड, डोळा, साप अशी चित्रलिपी समोर येते. ती देवळांची, थडग्यांची, राजाच्या थोरवीची लिपी. कारकून बोरूने, काळ्या-तांबड्या शाईत भराभर जे वळणदार अक्षर लिहीत ते वेगळे. त्याला हायरॅटिक म्हणतात, म्हणजे ‘पुरोहिती’! हे नाव ग्रीकांचे, तेही फार उशिराचे. तोवर व्यवहारात डेमॉटिक आली होती आणि जुनी लिपी धर्मग्रंथांपुरती उरली होती. त्याआधी दोन हजार वर्षे तिच्यात धान्य मोजले गेले, पत्रे गेली, खटले नोंदले गेले. तरी नाव चिकटले पुरोहिताचे. कष्ट कोणाचे आणि शिक्का कोणाचा, हे आम्हाला नवीन नाही.

दैर अल-मदिना हे राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांचे गाव. तिथे चुनखडीच्या कपच्यांवर हजेरी लिहिलेली सापडते: कोण आजारी, कोणाला विंचू चावला. तिसऱ्या रामसेसच्या २९व्या वर्षी, इ.स.पू. ११५७च्या सुमारास, याच कारागिरांचे धान्य थकले. महिन्याचे १८ दिवस उलटले, आम्ही उपाशी आहोत, असे सांगत ते काम टाकून बाहेर पडले आणि देवळामागे जाऊन बसले. मेदिनेत हाबूच्या भिंतींवर याच राजाचे विजय कोरले आहेत. संप मात्र कळतो तो हायरॅटिकमधल्या एका पपायरसवरून.

आता आमचेच काही मित्र लिहितील, बघा, तिथे ज्ञान सर्वांना खुले होते! थांबा. मनुस्मृतीची जन्मावरची ज्ञानबंदी आणि ही व्यवस्था एक नव्हे, हे मान्य. पण लिहिता येणारे तिथेही मूठभर. लेखनिकाच्या शाळेत पोरांकडून जो धडा पुन्हा पुन्हा उतरवून घेत, त्यात धोबी, कुंभार, विणकर यांची यथेच्छ टिंगल आहे. का, तर लेखनिकाचा धंदा तेवढा श्रेष्ठ! तीही याच सुटसुटीत अक्षरात. लिपी सोपी झाली म्हणून लेखणी धोब्याच्या हातात जात नाही. संपाची नोंदही अमेननख्त या लेखनिकाच्या हातची मानतात. उपाशी माणसांचे शब्द त्याच्या बोरूतून आले.

तो पपायरस आज इटलीत, तुरीनच्या संग्रहालयात आहे. फेसबुकवर पिरॅमिडचा फोटो टाकून ‘महान संस्कृती’ लिहिणाऱ्यांनी आधी तो बघावा.