आधी परतायची वेळ लिहा

डिसेंबरची थंडी पडली की घरात सहलीचा विषय निघतोच. "बाबा, नांदेडला जाऊन येऊ ना!" आणि बाबांचं ठरलेलं उत्तर, "बघू." हट्ट करून उपयोग नाही. बाबांच्या हातात एक कागद द्या, वेळेचा हिशेब मांडलेला.

पहिली ओळ सगळे लिहितात, "सकाळी सातला निघायचं." मी वर्गात सांगते, आधी परतायची वेळ लिहा. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या आतच मावळतो. याच दिवसांत उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. ट्रॉलीला मागे दिवा नसला, की ती अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. मोटारसायकलवाल्यांचे जीव गेलेत यात. म्हणून साडेपाचला घरात! आई-बाबांनीसुद्धा ही ओळ खोडायची नाही.

आता अंतर. परभणी ते नांदेड रेल्वेने साठ किलोमीटरच्या आसपास, पण रस्त्याने सुमारे पाऊणशे. असं का बरं? नकाशावर दोरा ठेवून पाहा. रेल्वे पूर्णा जंक्शनवरून जाते, रस्ता वसमतचा वळसा घेतो. गाडी ताशी ६० ने पळाली तर सव्वा तास, हे झालं वहीतलं गणित. राहटीचा पूल, झिरो फाटा, वसमतची गर्दी, आजीचं पाय मोकळे करणं, हे वहीत कुठं असतं? दोन तास धरा आणि वर अर्धा तास राखीव. म्हणजे दुपारी तीनला नांदेड सोडायचं. सातला निघालात तर साडेनऊला पोचाल. हाती राहिले साडेपाच तास.

एवढ्या वेळात काय पाहायचं? मुलांच्या यादीत हमखास माहूर असतं, कंधारचा किल्ला असतो. दोन्ही नांदेड जिल्ह्यातच की! पण कंधार शहरापासून पन्नास किलोमीटर, आणि माहूर तर सव्वाशेच्या घरात, म्हणजे घरापासून नांदेड जेवढं लांब त्याहून जास्त. दोन्ही नावं खोडा. वाईट वाटेल, पण खोडा. त्यांच्यासाठी वेगळी सहल.

सचखंड गुरुद्वाऱ्याला मात्र घाई नको. गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ साली इथेच देह ठेवला. आताची वास्तू महाराजा रणजितसिंगांनी बांधवली. डोकं झाकायला मोठा रुमाल प्रत्येकाच्या पिशवीत हवा. लंगरमध्ये सगळे एकाच पंगतीत जमिनीवर बसतात. पैसे पडत नाहीत, पण ताटात टाकायचं नाही. तीन तास इथेच जातील.

मग गोदावरीचा घाट. सकाळी राहटीला ओलांडलेली पूर्णा वाटेत गोदावरीला मिळालेली असते, त्यामुळे घाटावर आपल्या पूर्णेचंही पाणी असतं. धाकट्यांना हे तिथंच सांगा, घरी नको.

आदल्या दिवशी टायरची हवा, स्टेपनी आणि मागचे दिवे बघून घ्यायचं काम बाबांना आठवण करून द्यायची.

आता एक गणित तुमच्यासाठी. संत जनाबाईंचं गंगाखेड परभणीहून सुमारे ४० किलोमीटर. तिथे तीन तास थांबायचंय आणि दुपारी एकला घरी जेवायला यायचंय. राखीव वेळ धरून किती वाजता निघाल?