वातानुकूलन यंत्राचा रिमोट कुणाच्या हाती?

रात्री वातानुकूलन यंत्र किती अंशांवर ठेवावे, हा आजवर फार तर नवरा-बायकोच्या कुरबुरीचा विषय होता. जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल खट्टर यांनी या यंत्रांचे तापमान २० ते २८ अंश सेल्सिअस एवढ्याच मर्यादेत ठेवण्याचा मनोदय जाहीर केला आणि ही कुरबूर शयनगृहातून थेट राजधानीत पोहोचली. पाठोपाठ पर्यावरणमंत्री भूपेंद्र यादव यांनी असे बंधन लगेच येणार नसल्याचा खुलासा केला आणि चर्चेचा पारा उतरला. मूळ प्रश्न मात्र जागच्या जागीच राहिला. घरातील तापमान ठरवायचे कुणी? यंत्र वापरणाऱ्याने, ते बनवणाऱ्याने, की वीज पुरवणाऱ्याने?

सरकारची निकड खोटी नाही. ३० मे २०२४ रोजी देशातील विजेची मागणी सुमारे अडीच लाख मेगावॉटवर गेली होती. दुपारची मागणी भागवण्यास सौरऊर्जेचा हातभार लागतो. पण शहरी घरांतील वातानुकूलन यंत्रे सुरू होतात ती रात्री, सूर्य मावळल्यावर. ही वीज प्रामुख्याने कोळशातून येते आणि वर्षातील थोड्या तासांच्या या मागणीसाठी वर्षभर क्षमता उभी ठेवावी लागते. साहजिकच, प्रत्येक घराने तापमान दोन अंशांनी वर नेले तर किती वीजकेंद्रे वाचतील, हा हिशेब अधिकाऱ्यांना मोहात पाडतो. यंत्राचे तापमान एका अंशाने वाढवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो अनेक वर्षे सांगत आला आहे.

याच ब्युरोने केलेले एक काम फारसा गाजावाजा न होता पार पडले. १ जानेवारी २०२० पासून तारांकित वातानुकूलन यंत्रे कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून येतात. ग्राहकाला तापमान खाली नेता येते, त्यावर बंदी नाही. पण जे आयते लावलेले असते त्याला हात न लावणे हा मनुष्यस्वभाव आहे आणि या निर्णयाने त्याचाच उपयोग करून घेतला. सक्तीपेक्षा हा मार्ग शहाणपणाचा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. शिवाय एकच आकडा सर्वत्र सारखा लागूही पडत नाही. नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर जे काम चोख बजावतो, ते मुंबईच्या दमट हवेत त्याला जमत नाही. तिथे उष्म्यापेक्षा घाम नकोसा करतो. म्हणून २६ अंशांवर नागपूरकर सुखाने झोपेल आणि मुंबईकर पंखाही लावेल. पंखा लावून २६ अंशांवर राहणे हे खरे तर दोघांच्याही हिताचे आहे. पण ते पटवून द्यावे लागते, हुकमाने होत नाही.

आता बाजारात आलेल्या उपकरणांकडे वळू. ठरलेल्या वेळी तापमान आपोआप बदलणारे, मोबाइलवरून चालणारे यंत्र घ्यावे का, असा प्रश्न अनेक घरांत विचारला जातो. या कल्पनेची जन्मभूमी अमेरिका. तिथे एकच भट्टी आणि एकच शीतयंत्र अख्खे घर सांभाळते, त्याचे नियंत्रण भिंतीवरच्या थर्मोस्टॅटमध्ये असते. दिवसा घर रिकामे असताना आणि रात्री सगळे झोपल्यावर तापमान आपसूक बदलले तर इंधन वाचेल, हा तर्क बिनतोड होता. म्हणून १९९५ मध्ये तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने प्रोग्रॅमेबल थर्मोस्टॅटला ‘एनर्जी स्टार’ हे मानचिन्ह देऊ केले आणि २००९ च्या अखेरीस ते काढूनही घेतले. यंत्रात दोष नव्हता. दोष होता तो माणूस ते वापरेल, या गृहीतकात. कुणाच्या थर्मोस्टॅटवरचे घड्याळच चुकीचे, कुणाला बटणांचा उलगडा होईना, तर बहुतेकांनी ‘होल्ड’ दाबून एकच तापमान कायम केले. जे हाताने काटेकोरपणे तापमान बदलत होते, त्यांची तर नव्या यंत्राने काहीच बचत केली नाही. सवयी स्वतःहून शिकणारी आणि इंटरनेटला जोडलेली यंत्रे पुढे आली, तेव्हा २०१७ मध्ये त्यांच्यासाठी हे चिन्ह परत आले. अट मात्र बदलली होती. आता केवळ सोयी पुरेशा नव्हत्या, प्रत्यक्ष घरांतील वापराच्या नोंदींवरून बचत दाखवावी लागणार होती.

आपल्याकडील चित्र वेगळे आहे. मुंबई-पुण्याच्या सदनिकेत भिंतीवर थर्मोस्टॅट नसतोच. प्रत्येक खोलीचे यंत्र वेगळे, त्याचा थर्मोस्टॅट त्याच्या पोटात. त्यामुळे बाजारात जे ‘स्मार्ट’ म्हणून मिळते ते एकतर वायफायचे नवे यंत्र असते किंवा रिमोटची नक्कल करणारी छोटी डबी. वस्तुतः टायमर आणि ‘स्लीप’ ही दोन बटणे बहुतेक रिमोटवर आधीपासून आहेत. ‘स्लीप’ दाबले की रात्र चढत जाईल तसे तापमान एक-दोन अंशांनी वर जाते, टायमर पहाटे यंत्र बंद करतो. ती बटणे कधीच न वापरलेल्या घरात हजारो रुपयांच्या डबीने क्रांती होईल, अशी आशा अमेरिकेच्या अनुभवानंतर तरी धरू नये. ज्यांच्या घरी येण्या-जाण्याच्या वेळा ठरलेल्या नाहीत, मुले किंवा वृद्ध यंत्र सुरू ठेवूनच खोलीबाहेर पडतात, तिथे तिचा उपयोग आहे. इतरत्र तोच पैसा पंचतारांकित इन्व्हर्टर यंत्रात, पश्चिमेच्या खिडकीवरच्या पडद्यात किंवा गच्चीखालच्या घराच्या स्लॅबवर पांढरा रंग देण्यात घातला तर बिलात फरक दिसेल. १८ अंश लावले की खोली झटकन गार होते, ही समजूतही जुन्या यंत्रांपुरती निव्वळ चुकीची आहे. ठरीव वेगाचा कॉम्प्रेसर २४ ला पळतो तितकाच १८ ला पळतो, फक्त जास्त वेळ.

परंतु इंटरनेटला जोडलेल्या यंत्रात आणखी एक हात शिरतो. जून २०२१ मध्ये टेक्सासमध्ये विजेचा तुटवडा असताना काही कुटुंबांना आपल्या घरातील तापमान परस्पर वाढल्याचे आढळले. एका बक्षीस योजनेत नाव नोंदवताना त्यांनी त्याला संमती दिली होती, पण ती अनेकांच्या लक्षातही नव्हती. कोलोरॅडोमध्ये ३० ऑगस्ट २०२२ रोजी सुमारे २२ हजार ग्राहकांना आपलाच थर्मोस्टॅट काही तास बदलता आला नाही. नोंदणीचे १०० डॉलर आणि दरवर्षीचे २५ डॉलर त्यांनी घेतले होते, हे खरे. पण कंपनीने यापूर्वी असे कुलूप कधी लावले नसल्याने, आणीबाणीत बटण निकामी होईल, ही शक्यता त्यांनी गृहीतच धरली नव्हती. आणि यंत्राची हुशारी दूरच्या सर्व्हरवर असल्याने तिचे आयुष्यही तिथेच ठरते. २०११ आणि २०१२ चे ‘नेस्ट’ थर्मोस्टॅट ऑक्टोबर २०२५ मध्ये गुगलने सेवेतून वगळले. भिंतीवर ते चालतात, मोबाइलवरून नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न दाराशी आला आहे. स्मार्ट मीटर बसवलेल्या महावितरणच्या घरगुती ग्राहकांना जुलै २०२५ पासून सकाळी नऊ ते सायंकाळी पाच या वेळेतील वापरावर युनिटमागे सवलत लागू झाली. नोकरदारांच्या घरात या वेळी वातानुकूलन यंत्र बंदच असते. दुपारी चारला खोली गार करून ठेवावी म्हटले, तर तापलेल्या भिंती तो गारवा रात्रीपर्यंत टिकू देत नाहीत. म्हणजे या सवलतीचा लाभ धुलाई यंत्राला आणि पाण्याच्या पंपाला अधिक, वातानुकूलनाला कमी. मीटर वेळेचा हिशेब ठेवू लागल्यावर पुढची पायरी यंत्रालाच वेळेनुसार चालवण्याची असू शकते आणि त्यात गैर काही नाही. फक्त संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी स्पष्ट शब्दांत विचारून घ्याव्यात : वर्षातून जास्तीत जास्त किती तास, आगाऊ सूचना किती वेळ आधी, आणि घरात तान्हे मूल किंवा आजारी माणूस असेल त्या रात्री रिमोटचे बटण चालेल की नाही.