कान रुग्णाचा, सेटिंग कंपनीचे

ऑडिओलॉजिस्टच्या संगणकावर रुग्णाचे नाव उघडले की तारीखवार नोंदींची यादी समोर येते. त्यातला ऑडिओग्राम कुणालाही वाचता येतो. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्या कानाच्या निळ्या फुल्या, 250 ते 8000 हर्ट्झ, आणि कोणता आवाज किती डेसिबलला ऐकू आला. सॉफ्टवेअर ओटिकॉनचे असो, फोनॅकचे असो वा सिग्नियाचे, आलेख तोच उमटतो. त्याच यादीत फिटिंगचीही नोंद असते. श्रवणयंत्र त्या कानाला कसे जुळवले, कुठे आवाज वाढवला, कुठे दाबला, याची. ती नोंद मात्र ज्या कंपनीचे यंत्र, तिच्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडते. रुग्ण एक, संगणक एक, फाइल एक. तरी एक नोंद सर्वांना खुली आणि दुसरी कुलूपबंद.

हे अनवधानाने झालेले नाही. श्रवणयंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांनी 1993 मध्ये डेन्मार्कमध्ये 'हिम्सा' ही संयुक्त संस्था उभी केली आणि तिच्यामार्फत 'नोआ' ही प्रणाली क्लिनिकांत आणली. एरवी प्रत्येक कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये रुग्णाचे नाव, वय, ऑडिओग्राम पुन्हा पुन्हा भरत बसावे लागले असते. ते टळले. एकमेकींच्या बाजारावर टपलेल्या कंपन्यांनी समान साचा मान्य केला, ही लहान गोष्ट नव्हे. औषधोपचाराच्या इतर कितीतरी शाखांना आजही ते जमलेले नाही. पण हा समानपणा कुठवर आला आणि कुठे थांबला, ते पाहावे. नोआतल्या नोंदीला एक सामायिक भाग असतो आणि एक कंपनीचा खासगी भाग. तपासणी सामायिक भागात येते. फिटिंगचा गाभा खासगी भागात राहतो. म्हणजे जी माहिती मिळाल्याने यंत्र विकणे सोपे होते, ती सर्वांना खुली. जिच्या आधारे ग्राहक उद्या दुसऱ्या कंपनीकडे जाऊ शकेल, ती बंद.

आणि खरी मेहनत त्या बंद भागातच असते. पहिल्या दिवशी सॉफ्टवेअर ऑडिओग्रामवरून ठरावीक सूत्राने एक अंदाज बांधते. तो अंदाजच असतो. आजी आठवड्याने परत येतात आणि सांगतात, भांडी आपटली की कानात कळ जाते. मग उंच पट्टीतल्या मोठ्या आवाजांची कमाल मर्यादा खाली आणली जाते. पुढच्या खेपेला तक्रार वेगळी: मुलाचे बोलणे समजते, नातीचे समजत नाही. 2000 हर्ट्झच्या पुढचे हळू आवाज थोडे वाढवले जातात. वाढवल्याबरोबर मशीन शिट्टी मारू लागते. कानात बसणारा साचा, म्हणजे मोल्ड, बदलावा लागतो, किंवा एक-दोन डेसिबलवर पाणी सोडावे लागते. मग स्वतःचाच आवाज घुमतो. मग लग्नाच्या कार्यालयातल्या गर्दीत काहीच कळत नाही म्हणून वेगळा प्रोग्राम. असे काही महिने जातात. शेवटी एके दिवशी आजी म्हणतात, आता बरे वाटते. त्या 'बरे वाटते'चा हिशेब त्यांना सांगता येत नाही. कोणत्या पट्टीत किती डेसिबल, हे त्यांनी का लक्षात ठेवावे? तो हिशेब फक्त त्या फाइलमध्ये असतो.

यंत्र साधारण पाच वर्षे चालते. मग नवे घ्यावे लागते. किंवा मधेच आजी कोल्हापूरचे घर बंद करून मुलाकडे पुण्याला येतात. नवे क्लिनिक त्याच कंपनीची यंत्रे ठेवत असेल तर जुने मशीन जोडून त्यातले शेवटचे सेटिंग पाहता येते. तिथवर कसे पोहोचलो, काय करून पाहिले आणि काय सोसले नाही, हे दिसत नाही. कंपनी बदलली तर पाटी कोरीच. ऑडिओग्राम तेवढा हाती असतो. पुन्हा तोच पहिल्या दिवसाचा अंदाज, पुन्हा भांडी, पुन्हा शिट्टी. पंचाहत्तरीच्या माणसाला हा धीर दुसऱ्यांदा राहत नाही. मशीन कपाटात जाते. घरातले दोनदा सांगून पाहतात, मग सांगणेच कमी करतात. हे टाळायचे असेल तर त्याच कंपनीचे पुढचे मॉडेल घ्यायचे, ती मागेल त्या किमतीला. यंत्रांच्या किमती काही हजारांपासून काही लाखांपर्यंत जातात, हे ध्यानात घेतले की ही अडवणूक किती महाग पडते ते कळते.

कंपन्यांचे उत्तर ठरलेले आहे. प्रत्येकाची चिप वेगळी, चॅनल वेगळे, आवाज दाबण्याची रीत वेगळी. एकाचे आकडे दुसऱ्याच्या यंत्रात घालून उपयोग नाही. हे खरे आहे, पण अर्धेच. कुणी आतले गणित मागतच नाही. मागणी आहे ती बाहेर काय आले याची. हळू, मध्यम आणि मोठा आवाज आत गेल्यावर प्रत्येक पट्टीत कानाला किती डेसिबल मिळतात, हा आलेख फिटिंग करताना पडद्यावर समोरच असतो. कानाच्या पडद्याजवळ बारीक नळी ठेवून तो प्रत्यक्ष मोजताही येतो. डेसिबल कोणत्याही कंपनीच्या मालकीचे नाहीत. हा आलेख, कमाल मर्यादा, मोल्डचा प्रकार आणि बदलांचे कारण सांगणाऱ्या चार ओळी, एवढे एका पानात मावते. नव्या यंत्राला तेवढी दिशा पुरे. ऑडिओग्रामचा साचा जमवणाऱ्यांना हे पान अवघड नाही.

हीच यंत्रे दिवसाला किती तास वापरली गेली, कितपत गोंगाटात वापरली गेली, याचीही नोंद ठेवतात. कंपनीच्या सॉफ्टवेअरला ती वाचता येते. ज्याच्या कानात ते यंत्र होते, त्याच्या हाती मात्र प्लास्टिकच्या फाइलमधला ऑडिओग्रामचा कागद.

आपला कायदा इथे रुग्णाच्या कामी येत नाही. आपली माहिती वापरता येईल अशा स्वरूपात घेऊन दुसरीकडे नेण्याचा हक्क विदा संरक्षणासाठी नेमलेल्या श्रीकृष्ण समितीच्या 2018 च्या मसुद्यात होता, 2019 च्या विधेयकातही होता. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात तो नाही. उरला तो माहितीचा गोषवारा मागण्याचा हक्क. गोषवाऱ्यावरून मशीन जुळवता येत नाही. रुग्णाने मागितल्यास 72 तासांत नोंदी द्याव्यात, असे 2002 च्या नियमांत आहे, पण ते नियम डॉक्टरांसाठी आहेत. ऑडिओलॉजिस्टची नोंदणी होते ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय 2011 मध्ये देशभर झाली, तीही कंपन्यांच्या इच्छेवर सोडून झाली नाही. नियामकाने ती करायला लावली. कानाला ती मुभा नाही.

आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये प्रिस्क्रिप्शन, तपासणी अहवाल, डिस्चार्ज समरी, लसीकरण अशा नोंदींचे साचे ठरले आहेत. श्रवणयंत्राच्या फिटिंगसाठी वेगळा साचा नाही. ऑडिओग्राम तपासणी अहवाल म्हणून त्यात जाईलही. पण तो कागद तर रुग्णाकडे आजही आहे. नाही ते फिटिंग.

यावर कायदा बदलण्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. केंद्र सरकार स्वतः श्रवणयंत्रांचे ग्राहक आहे. 'एडिप' योजनेखाली दिव्यांगांना यंत्रे दिली जातात आणि त्यासाठी खरेदी होते. या क्षेत्राची राष्ट्रीय संस्था, अली यावर जंग संस्था, मुंबईत वांद्र्याला आहे. त्या एका पानाचा नमुना तिथल्या तज्ज्ञांनी बसून ठरवावा. ज्या कंपनीचे सॉफ्टवेअर तो नमुना भरून रुग्णाच्या हाती देणार नाही, तिचे यंत्र सरकारने घेऊ नये, अशी अट पुढच्या निविदेत घालावी. पुनर्वास परिषदेने 72 तासांची मुदत आपल्या नोंदणीकृत ऑडिओलॉजिस्टनाही लावावी. आणि तोवर घरातल्या कुणाचे मशीन नुकतेच नीट जुळले असेल, तर क्लिनिकमधून निघण्याआधी पडद्यावरच्या त्या आलेखाची प्रिंट मागून घ्यावी. ऑडिओग्रामची नव्हे, फिटिंगची.