पानावरून मुरडशेंग

पावसाळी सहलीतला एक फोटो एका वाचक मुलीने पाठवला आहे. इंदूरच्या पुढे पातालपाणीकडचा उतार, वर सागाची दाट सावली आणि खाली कमरेएवढं झुडूप. फूल नाही, फळ नाही, नुसती पानं. सोबत प्रश्न : "काका, ॲप म्हणतंय हा फालसा आहे. उन्हाळ्यात पुन्हा गेलो तर फालसे खायला मिळतील का?"

बहुतेक नाही मिळणार. हे झुडूप मला मुरडशेंगेचं वाटतं. "बहुतेक" आणि "वाटतं" हे शब्द मुद्दाम वापरतोय.

आधी पान पाहू. फांदीवर पानं एकाआड एक, पण दोनच रांगांत आणि जवळजवळ एकाच पातळीत पसरलेली आहेत. सावलीत वाढणाऱ्या झुडपाला ही मांडणी सोयीची, कारण सागाच्या पानांतून गळून येणारं थोडंसं ऊन एक पान दुसऱ्यापासून अडवत नाही. देठ आखूड. देठाजवळ पानाच्या दोन बाजू सारख्या नाहीत, एक खांदा उतरलेला असावा तशी एक बाजू खाली आलेली. कडेला ओबडधोबड दाते. पान वरच्या अर्ध्यात रुंद, कधी तिथे उथळ खाचाही, आणि मग एकदम बाहेर काढल्यासारखं टोक. ही शेवटची खूण मला सर्वांत बोलकी वाटते.

फोटोत न दिसणारी गोष्ट स्पर्शाची. मुरडशेंगेचं पान वरून बारीक पॉलिशपेपरसारखं खरखरीत लागतं, खालून मऊ लव असते. साध्या भिंगातून पाहिलं तर ती लव चांदण्यांसारखी दिसते, एका बिंदूतून चार-सहा केस फुटलेले.

पण ॲपने फालसा म्हटलं ते उगाच नाही. फालशाचं पानही खरखरीत, दातेरी, देठाजवळ तिरपं आणि चांदणीदार लवेचं असतं. रानातली धामण त्याच्याच कुळातली, तीही तशीच. दोघांच्या सालीतून दोरीसारखा वाख निघतो, मुरडशेंगेच्याही निघतो. महाराष्ट्रात तिला केवण म्हणतात आणि पूर्वी या वाखाचे दोर वळत. पूर्वी वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत फालसा एका कुळात आणि मुरडशेंग दुसऱ्या कुळात होती. आता दोघी जास्वंद, भेंडी आणि कापूस यांच्याबरोबर मालव्हेसी या एकाच कुळात आल्या आहेत. (आपल्या माळव्याशी या नावाचा काही संबंध नाही. ते लॅटिन आहे. पण ऐकायला बरं वाटतं.) म्हणजे पान आपल्याला गल्लीपर्यंत नेऊन सोडतं. घर कोणतं, ते फळ सांगतं.

आणि फळ ओळखण्यात चूक होणं कठीण. दीड-दोन इंच लांब, पाच शेंगा एकमेकींभोवती पीळ घालून एकच झालेल्या, अगदी स्क्रूसारख्या. कोवळी असताना हिरवी, वाळली की तपकिरी-काळी. शास्त्रीय नाव हेलिक्टेरिस आयसोरा, त्यातला पहिला शब्दही ग्रीकमधल्या पिळाच्या शब्दावरून आला. संस्कृतात आवर्तनी, हिंदीत मरोड़फली, मराठीत मुरडशेंग. सगळ्यांनी पाहिलं ते एकच. फुलंही मजेशीर आहेत : उमलताना विटकरी लाल, जुनी झाली की निळसर-राखाडी. एकाच फांदीवर दोन्ही रंग दिसतात. त्यातल्या मधासाठी शिंजीर पक्षी येतात.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ही शेंग जंगलाआधी घरात पाहिली असेल. आजीच्या बाळगुटीच्या डबीत हळकुंड, वेखंड, जायफळ, हिरडा यांच्याबरोबर असलेला तो पिळदार काळा तुकडा म्हणजे हीच. बाळाच्या पोटात मुरडा आला की सहाणेवर दुधात तिचे एक-दोन वळसे उगाळायचे. पोटातल्या पिळावर पीळ पडलेली शेंग, असा जुन्या लोकांचा हिशोब असावा. आज बालरोगतज्ज्ञ पहिले ६ महिने आईच्या दुधाशिवाय काहीच देऊ नका म्हणतात आणि ते ऐकावं. आजीची डबी मात्र टाकू नका. तिच्यातला प्रत्येक तुकडा कुठल्या झाडाचा, हे सांगणारी माणसं घरात आहेत तोवर विचारून चिठ्ठ्या लावून ठेवा. उज्जैनमध्ये जन्मलेल्या आपल्या मुलांना पंसाऱ्याकडे मरोड़फली मागता येते, पण आजीची मुरडशेंग तीच, हे पुष्कळांना माहीत नसतं.

घरात डबी नसेल तर बायजाबाई शिंद्यांनी बांधवलेल्या गोपाल मंदिराच्या आसपास जुना बाजार आहे, तिथे जडीबुटीच्या दुकानात चौकशी करा. शेंग एकदा हातात घेतली की रानात चटकन ओळखू येते. झुडूप पाहायचं तर मात्र शहराबाहेर जावं लागेल. उज्जैन जिल्ह्यात काळ्या मातीची शेतं उदंड, जंगल अगदी थोडं. सागाची रानं इंदूरच्या दक्षिणेला विंध्याच्या उतारांवर किंवा देवासकडच्या खिवनी अभयारण्यात. अभयारण्यातून पानसुद्धा तोडून आणू नये, फोटो पुरे.

फोटो काढतानाही एका पानाचा जवळून काढलेला फोटो पुरत नाही. फांदीवर पानं कशी लागली आहेत ते, पानाची पाठ, देठाजवळचा भाग आणि शेजारी मापाला बोट, एवढं दिसू द्या. एखादं पान दुमडून घडी घातल्यासारखं दिसलं तर तेही टिपा. गोल्डन अँगल नावाच्या फुलपाखराची अळी मुरडशेंगेच्या पानात असं घर करते.

तेव्हा पातालपाणीला हिवाळ्यात पुन्हा जा. त्याच झुडपावर पिळाच्या शेंगा दिसल्या तर मला कळवा, वाटाण्याएवढी गोल फळं दिसली तर ॲपचं बरोबर. फालसे मात्र तोवर बाजारातूनच घ्या.