घळीचा दोर घळीनेच ठरवावा

पावसाळ्यात भिवपुरी-विहीगावच्या धबधब्यांवर आणि पाऊस ओसरला की सांधण घळीत रॅपलिंगसाठी रांगा लागतात. दोर कोणता, असे विचारले की बहुधा एकच उत्तर मिळते: "अकरा एमएमचा आहे, दोन टन वजन पेलतो, बिनधास्त उतरा." उत्तर खोटे नाही, अपुरे आहे, आणि अपुऱ्या उत्तराच्या भरवशावर माणसे कड्यावरून खाली सोडणे मला मान्य नाही.

आधी ताकदीचा मुद्दा घेऊ. ईएन 1891 या युरोपीय मानकानुसार 'ए' प्रकारच्या स्टॅटिक, म्हणजे कमी ताणल्या जाणाऱ्या, दोराने 22 किलोन्यूटन, म्हणजे सुमारे 2200 किलोचा भार सोसलाच पाहिजे. 80 किलोचा माणूस शांतपणे उतरत असेल तर दोरावर जेमतेम 0.8 किलोन्यूटन भार येतो. उड्या मारत उतरला तर तो वाढेल, पण बावीसच्या जवळपासही जाणार नाही. सुस्थितीतला दोर निव्वळ वजनाने तुटेल, ही भीती म्हणूनच जवळजवळ निराधार आहे. दोराचा घात कडेवर होतो. आपला बेसॉल्ट फुटतो तिथे धार सोडतो. त्या धारेवर ताणलेला दोर माणसाच्या प्रत्येक झोल्यासरशी आडवा घासतो. आधी आवरणावर लव येते, मग तंतू तुटतात, मग आतला पांढरा गाभा डोकावू लागतो. जाड आवरण उशिरा झिजते, एवढे जाडीच्या बाजूने कबूल करायलाच हवे. पण दिवसभर एकाच जागी घासला तर जाड दोरही जातो.

दुसरे म्हणणे असे, की प्रस्तरारोहणाचा डायनॅमिक दोर झटका शोषतो, म्हणून तो अधिक सुरक्षित. चढताना पडणाऱ्यासाठी हे शंभर टक्के खरे आहे. उतरणाऱ्याला मात्र तोच गुण भोवतो. 80 किलोच्या भाराखाली सिंगल डायनॅमिक दोर 10 टक्क्यांपर्यंत लांबला तरी मानकाला चालतो. म्हणजे 40 मीटरच्या उतरणीत 4 मीटरपर्यंत. माणूस वरखाली हिंदकळतो आणि तेवढा दोर कडेवर करवतीसारखा चालतो. स्टॅटिक दोराचा भार 50 किलोवरून 150 किलोवर नेला तरी त्याची लांबी 5 टक्क्यांहून अधिक वाढता कामा नये, असे बंधन आहे. घळीत हाच दोर हवा.

तिसरे म्हणणे: "नायलॉन म्हणजे नायलॉन, पाण्याने त्याला काय होते?" बरेच काही होते. नायलॉन पाणी शोषतो, जड होतो, ओला असताना त्याची ताकद घटते आणि तो जास्त ताणला जातो. शिवाय तो पाण्यात बुडतो, मग डोहातल्या दगडांच्या फटीत रुततो. पॉलिएस्टर फारच कमी पाणी घेते. पॉलिप्रोपिलीन तरंगते, म्हणून कॅन्यनिंगच्या, म्हणजे वाहत्या घळीतून उतरण्याच्या, अनेक दोरांत गाभा त्याचा असतो. त्याचीही किंमत मोजावी लागते: ताकद कमी, आणि ते साधारण 165 अंशांनाच वितळते, तर नायलॉन 220 अंशांच्या पुढे. सगळ्या बाबतीत सरस असा धागा अस्तित्वात नाही, म्हणून निवड करावीच लागते.

चौथा आग्रह लांबीचा: दोर भरपूर सोडा आणि टोकाला गाठ मारा. कोरड्या कड्यावर टोकाची गाठ हवीच. तिने जीव वाचतात. वाहत्या पाण्यात मात्र डोहात पडलेला जादा दोर पायांना वेढे घालतो. टोकाची गाठ डिसेंडरमध्ये, म्हणजे दोरावरून उतरण्याच्या साधनात, अडकली की माणूस धारेखाली लटकून राहतो. तिथे दोराचे टोक पाण्याला जेमतेम टेकावे आणि माणूस त्यावरून सरळ सुटून पोहत बाहेर पडावा.

आता माझा पक्ष. दोराची निवड तीन प्रश्नांनी व्हावी: कड किती धारदार आहे, पाणी किती आहे आणि उतरणारे कोण, किती आहेत? सांधणसारख्या घळीत, कोरड्या दिवसांत, नवख्यांचा मोठा गट असेल तर घट्ट विणीच्या आवरणाचा, साडेदहा-अकरा मिलिमीटरचा 'ए' प्रकारचा स्टॅटिक दोर योग्य. धबधबा आणि खाली डोह असेल, उतरणारे सरावलेले असतील तर पॉलिएस्टर आवरणाचा, तरंगणारा, नऊ मिलिमीटरच्या आसपासचा दोर. मात्र बारीक दोर हातातून भरभर सुटतो. डिसेंडर त्याला पुरेसे घर्षण देणारा हवा. अँकर भार असतानाही सैल करता येईल असा बांधावा. मग अडकलेल्याला खाली सोडता येते आणि दर माणसामागे वीतभर दोर सरकवून घासण्याची जागाही बदलता येते. कडेवर जाड कॅनव्हासचे संरक्षक कवच हवेच.

दोर निवडला म्हणजे काम संपले, असेही नाही. दर मोहिमेनंतर तो हातभर हातभर बोटांखालून न्यावा. दोराचा लहान फास वळवून पाहावा. एखाद्या ठिकाणी तो गोल न राहता चपटा मोडला, तर आतला गाभा गेला आहे. तेवढा भाग कापून टाकावा. जीपमध्ये बॅटरीशेजारी दोर कधीही ठेवू नये. आम्ल नायलॉन खाऊन टाकते आणि वरून पत्ता लागत नाही.

पैसे घेऊन लोकांना उतरवणाऱ्या प्रत्येक आयोजकाने प्रत्येक दोराची वही ठेवावी: प्रकार, निर्मितीचे वर्ष, किती वापर, कुठे घासला. हार्नेस चढवण्याआधी ती वही पाहायला मागण्याचा उतरणाऱ्याला पूर्ण हक्क आहे, आणि ती दाखवता येत नसेल त्याने त्या दिवशी दोर सोडू नये.